परतीचा माल : ग्राहकाचा हक्क आणि विक्रेत्याचा हिशेब

(भवानी पेठ, सोलापूर येथील ग्राहक व लघुव्यापारी यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



खरेदीविक्रीचा व्यवहार पुरा केव्हा होतो, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. ग्राहकाने पैसे दिले, दुकानदाराने माल दिला, व्यवहार पुरा झाला, असे सामान्यतः समजले जाते. परंतु घरी नेलेला माल पसंत पडला नाही, मापात बसला नाही किंवा सदोष निघाला, तर तो परत करण्याचा प्रश्न उद्भवतो आणि पुरा झालेला व्यवहार पुन्हा उघडा पडतो. दुकान आणि घर यांच्यात दोन गल्ल्यांचे अंतर असते तोवर हा प्रश्न बोलाचालीने सुटतो. ऑनलाइन खरेदीत मात्र हे अंतर शेकडो मैलांचे असते, विक्रेत्याचा चेहरा ग्राहकाने पाहिलेला नसतो आणि ग्राहकाचा शब्द विक्रेत्याने ऐकलेला नसतो. अशा वेळी परतीचा व्यवहार सुकर कसा करावा, हा आज ग्राहक व विक्रेते या दोघांच्याही जिव्हाळ्याचा विषय झालेला आहे.

सोलापूरच्या भवानी पेठेला हा विषय दोन्ही बाजूंनी लागू पडतो. घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या भागांत राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांतील मंडळी मुलांचे बूट, कपडे, भांडीकुंडी मोबाईलवरून मागवू लागली आहेत. आणि याच शहरातील यंत्रमागांवर विणलेली चादर, टॉवेल व येथे शिवलेले शालेय गणवेश मोबाईलवरून देशभर विकले जात आहेत. म्हणजे एकाच गल्लीत माल परत करणारा ग्राहक आणि परत आलेला माल मोजून घेणारा विक्रेता असे दोघेही नांदतात. एकाची अडचण दुसऱ्याने समजून घेण्यास याहून योग्य जागा शोधूनही सापडणार नाही.

जांगडाची जुनी वहिवाट

माल पाहून, पारखून, पसंत पडला तर ठेवावयाचा आणि न पडल्यास परत करावयाचा, ही पद्धत महाराष्ट्राच्या बाजारपेठेला नवीन नाही. तिला 'जांगड' असा अस्सल शब्द आहे. लग्नसराईत साड्यांचे गठ्ठे जांगड नेण्याची आणि सराफाकडून दागिना जांगड आणून घरच्या वडीलधाऱ्यांना दाखविण्याची वहिवाट जुनी आहे. जांगड वहीत नोंद होई, मुदत ठरलेली असे, आणि मुदतीत माल परत आला नाही तर तो विकला गेला असे समजले जाई. १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या कलम २४ मध्ये हेच तत्त्व कायद्याच्या भाषेत सांगितलेले आहे. पसंतीवर दिलेला माल ग्राहकाने ठरलेल्या मुदतीनंतरही नकार न कळविता ठेवून घेतला, तर त्याची मालकी ग्राहकाकडे जाते.

त्याच अधिनियमातील आणखी दोन तरतुदी आजच्या ऑनलाइन ग्राहकाने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. कलम ४१ नुसार, आधी न पाहिलेला माल हाती आल्यावर तो तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानता येत नाही. आणि कलम ४३ नुसार, नकार देण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने नकार दिल्यास, वेगळा करार नसेल तर, माल स्वतः पोहोचवून देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. नकार कळविला म्हणजे पुरे. मोबाईलचे नावही नव्हते त्या काळच्या या तरतुदी आजच्या व्यवहाराला किती चपखल बसतात, हे पाहण्यासारखे आहे.

दूरवरून माल मागविण्याची पद्धतही जुनीच आहे. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी. पद्धत सुरू केली. याच वर्षी सोलापुरात, जुनी गिरणी म्हणून पुढे ओळखली गेलेली पहिली कापड गिरणी सुरू झाली. पोस्टमनला पैसे देऊन व्ही. पी. सोडवून घ्यावयाची, ही गोष्ट मराठी घरांच्या पूर्ण परिचयाची आहे. पुस्तके, औषधे, बियाणे अशा कितीतरी वस्तू या मार्गाने घरी येत. आणि ग्राहकाने नकार दिला की व्ही. पी. परत जाई व टपालखर्च पाठविणाऱ्याच्या अंगावर पडे. आज पैसे घरी देण्याच्या अटीवर मागविलेले पार्सल दारातूनच परत पाठविले जाते, तेव्हा विक्रेत्यावर नेमका हाच प्रसंग ओढवतो. साधने बदलली, पण भुर्दंड मात्र बदलला नाही.

कायद्याने ग्राहकाला काय दिले

महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीला मोठी परंपरा आहे. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये झाला. त्याची जागा आता २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो जुलै २०२० पासून अंमलात आला. या कायद्यात ऑनलाइन खरेदी करणाराही 'ग्राहक' आहे, हे स्पष्ट शब्दांत नमूद केलेले आहे.

या कायद्यातील एक तरतूद प्रत्येक दुकानदाराने व प्रत्येक ग्राहकाने ध्यानी घ्यावी अशी आहे. सदोष माल परत घेण्यास व त्याची किंमत परत करण्यास नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविण्यात आलेली आहे. पावतीवर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत माल परत घेणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' अशी पाटी कित्येक दुकानांत दिसते. सदोष मालाच्या बाबतीत या पाटीचा आधार कोणत्याही दुकानदाराला घेता येणार नाही.

ऑनलाइन व्यापारासाठी केंद्र शासनाने २३ जुलै २०२० रोजी वेगळे नियम अधिसूचित केले. ऑनलाइन बाजारपेठेवर माल विकणाऱ्याला, माल सदोष किंवा बनावट असल्यास, जाहिरातीत सांगितलेले गुण त्यात नसल्यास, अथवा कबूल केलेल्या वेळेनंतर तो पोहोचविल्यास, माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे झालेला उशीर तेवढा याला अपवाद आहे. माल परत करण्याच्या, बदलून देण्याच्या व पैसे परत करण्याच्या अटी, तसेच परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणी सोसावयाचा, ही माहिती खरेदीपूर्वीच ग्राहकाला दिसली पाहिजे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे, असे बंधन आहे. ऑनलाइन बाजारपेठेने प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन तिची स्थिती ग्राहकाला पाहता येईल अशी सोय करावी, असेही नियमांत म्हटले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. माल निर्दोष आहे, वर्णनाप्रमाणे आहे, केवळ मन बदलले म्हणून तो परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतात ऑनलाइन खरेदीदाराला कायद्याने दिलेला नाही. युरोपीय संघात २०१४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा हक्क १४ दिवसांचा आहे. चीनमध्ये त्याच वर्षापासून तो ७ दिवसांचा आहे. आणि दोन्हीकडे मागणीनुसार खास बनविलेल्या वस्तूंसारखे अपवाद आहेत. आपल्याकडे अशी सवलत विक्रेता स्वखुशीने जाहीर करतो, आणि एकदा जाहीर केली की ती त्याला पाळावी लागते. म्हणून रंग आवडला नाही या कारणासाठी परत करावयाचे असेल, तर खरेदीपूर्वी विक्रेत्याच्या अटी वाचणे हाच एक मार्ग ग्राहकापुढे उरतो.

विक्रेत्याचा हिशेब

आता दुसरी बाजू पाहावी. उदाहरणादाखल एक चादर घेऊ. तिची विक्री किंमत ६०० रुपये. सूत, रंग, विणाई, मजुरी मिळून ४६० रुपये. वेष्टन १५ रुपये. वाहतूक ६५ रुपये. ऑनलाइन बाजारपेठेचा आकार २० रुपये. हातात राहिले ४० रुपये. हीच चादर परत आली तर जाण्याचे ६५, येण्याचे ६५ आणि फाडलेल्या वेष्टनाचे १५ असे १४५ रुपये गेले. म्हणजे परत आलेल्या एका चादरीने जवळजवळ चार विकलेल्या चादरींचा नफा खाल्ला.

हा हिशेब थोडा पुढे नेला म्हणजे त्याचे गांभीर्य कळते. अशा १०० चादरी पाठविल्या आणि २० परत आल्या, तर ८० चादरींवर ३,२०० रुपये मिळतात, त्यांपैकी २,९०० रुपये परतीच्या खर्चात जातात आणि सगळ्या खटाटोपातून ३०० रुपये शिल्लक राहतात. त्याऐवजी १० च परत आल्या, तर ९० चादरींचे ३,६०० रुपये, वजा १,४५० रुपये, म्हणजे २,१५० रुपये हाती उरतात. परतीचे प्रमाण निम्मे झाले, तर शिल्लक सातपट होते. भांडवल नाही, नवा माग नाही, कर्ज नाही. केवळ परती कमी करण्यात एवढी कमाई दडलेली आहे. शिवाय परत आलेली चादर धुतलेली, डागाळलेली किंवा बदललेली निघाली, तर नुकसान १४५ रुपयांवर थांबत नाही, संपूर्ण ६०० रुपयांचा माल बाद होतो.

म्हणून परत येणारा माल अडविण्यापेक्षा परतीचे कारणच नाहीसे करणे विक्रेत्याच्या हिताचे आहे. चादरीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये व वजन ग्रॅममध्ये लिहावे. सोलापुरी जेकार्ड चादर दोन्ही बाजूंनी पाहण्यासारखी असते, पण दोन्ही बाजूंचे रंग उलटसुलट असतात. तेव्हा छायाचित्र दोन्ही बाजूंचे द्यावे, आणि तेही दिवसाच्या उजेडात काढलेले. पहिल्या धुण्यात कापड किती आटते, रंग सुटतो की नाही, हे न लपविता सांगावे. गणवेशाच्या बाबतीत केवळ वय किंवा आकड्याचे माप न देता छाती, खांदा व उंची यांची मापे द्यावीत आणि ती कशी घ्यावीत हे चित्राने दाखवावे. पैसे घरी देण्याच्या मागणीवर माल रवाना करण्यापूर्वी ग्राहकाला एक दूरध्वनी करून मागणी पक्की करून घ्यावी. एका मिनिटाच्या बोलण्याने वाहतुकीचे १३० रुपये वाचू शकतात.

परतीच्या मालाचा कराचा हिशेबही नीट ठेवावयास हवा. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३४ नुसार नोंदणीकृत विक्रेत्याने परत आलेल्या मालाबद्दल क्रेडिट नोट काढली, तर त्या विक्रीवरील कराचे दायित्व कमी करून घेता येते. त्यासाठी आर्थिक वर्ष संपल्यानंतरचा ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याचा दिनांक, यांपैकी जो आधी येईल तो अखेरचा समजला जातो. ऑनलाइन बाजारपेठ विक्रेत्याच्या रकमेतून जो कर गोळा करते, त्याचा दर १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाला असून तो परती वजा जाता उरलेल्या निव्वळ विक्रीवर आकारावयाचा असतो. हा आकडा विक्रेत्याने दरमहा ताडून पाहावा. १ ऑक्टोबर २०२३ पासून, नोंदणीची मर्यादा न ओलांडणाऱ्या लहान विक्रेत्यांनाही काही अटींवर राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकण्याची मुभा मिळालेली आहे. त्यामुळे घरी दोन माग चालविणाऱ्या कुटुंबालाही हा बाजार खुला झाला आहे. आणि म्हणूनच परतीचे हे गणित त्यांनी आरंभीच समजून घेणे इष्ट होय.

सोलापुरी नावाचे मोल

परतीच्या हक्काचा सोलापूरकरांना आणखी एक उपयोग आहे. सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. या नावावर दुसऱ्या ठिकाणी विणलेला माल खपविणे ही ग्राहकाची फसवणूक आहे आणि येथील विणकराच्या पोटावर पाय आहे. असा माल हाती पडलेला ग्राहक तो 'बनावट' किंवा 'वर्णनाप्रमाणे नाही' या कारणाने परत करू शकतो. पुण्यातील किंवा नागपुरातील ग्राहकाने हा हक्क बजावला, तर त्यातून भवानी पेठेतील मागाचेच रक्षण होते. म्हणजे परतीचा हक्क हा प्रत्येक वेळी विक्रेत्याच्या विरोधातच असतो असे नाही. प्रामाणिक विक्रेत्याला तो अप्रामाणिक स्पर्धकापासून संरक्षणही देतो.

ग्राहकाने घ्यावयाची दक्षता

समजा, विडी वळणाऱ्या एका महिलेने मुलासाठी बूट मागविले आणि ते मापाला लहान निघाले, किंवा एक बूट फाटका निघाला. तिचे पैसे बुडू नयेत यासाठी फार मोठ्या ज्ञानाची गरज नाही. चारपाच सवयी पुरेशा आहेत. पार्सल फोडण्यापूर्वी त्यावरील पत्त्याची चिठ्ठी दिसेल असे छायाचित्र घ्यावे आणि शक्य तर फोडतानाचे चित्रीकरण करावे. पावती, किमतीची चिठ्ठी व मूळ वेष्टन मुदत संपेपर्यंत जपून ठेवावे. बूट घरातल्या फरशीवरच घालून पाहावेत. तक्रार केवळ तोंडी न करता तिचा क्रमांक मिळवावा. आणि मुदतीचा शेवटचा दिवस पाहत बसू नये. वस्तू सदोष असेल तर 'आवडली नाही' असे कारण न निवडता दोष आहे असेच स्पष्ट नोंदवावे, कारण कायद्याचे संरक्षण या दोन कारणांना सारखे नाही.

पैसे परत मिळण्याच्या वेळी विशेष सावध राहावे. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने ते परत जावेत, ग्राहकाने दुसऱ्या मार्गास संमती दिली तरच तो अवलंबावा, असे म्हटलेले आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही द्यावा लागत नाही. परताव्यासाठी चौकोनी संकेतचित्र टिपा, आलेला अंक सांगा, असे सांगणारा दूरध्वनी आला तर तो भामट्याचा समजावा. कंपनीचा क्रमांक इंटरनेटवर इतरत्र न शोधता खरेदी केलेल्या ॲपमधूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर वेळ न घालविता १९३० या क्रमांकावर कळवावे.

विक्रेत्याने दाद न दिल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतूनही तक्रार नोंदविता येते. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. विक्रेता दिल्लीचा असो वा बंगळूरचा, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापुरातच दाखल करता येते, हा २०१९ च्या कायद्याने दिलेला मोठा दिलासा आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही; वकील लावलाच पाहिजे असे नाही; तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे; आणि १ जानेवारी २०२५ पासून 'ई-जागृती' या संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार दाखल करण्याची सोय झालेली आहे.

हक्काबरोबर कर्तव्यही येते. लग्नात नेसून झालेली साडी दुसऱ्या दिवशी परत पाठविणे, तीन मापांचे कपडे मागवून दोन परत करण्याची सवय लावून घेणे, दारात आलेले पार्सल विनाकारण नाकारणे, यांमुळे होणारा खर्च शेवटी किमतीत मिसळतो आणि प्रामाणिक ग्राहकाच्याच खिशातून जातो. जांगड वहीचा व्यवहार कायद्यापेक्षाही शब्दावर चालत असे. जांगड नेलेली साडी घडी न मोडता परत करावी, हा संकेत घरोघरी पाळला जाई. तो संकेत आजही पाळण्यासारखा आहे.

एकट्याने न होणारे काम

काही गोष्टी मात्र एकट्या ग्राहकाने वा एकट्या विक्रेत्याने होणाऱ्या नाहीत. परतीचे पार्सल नेण्यासाठी प्रत्येक घरी माणूस पाठविणे हे खर्चाचे काम आहे. ग्राहक कामावर गेलेला असला की ती फेरीही वाया जाते. युरोपातील अनेक शहरांत यासाठी जागोजागी कुलूपबंद कप्पे ठेवलेले आहेत. ग्राहक आपल्या सवडीने पार्सल त्यांत ठेवतो आणि वाहतूकदार ती सर्व एकदम उचलतो. भवानी पेठेत अशी यंत्रे बसविण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विश्वासू किराणा दुकान हे काम थोड्या मोबदल्यावर करू शकते. दहा घरांच्या दहा फेऱ्यांऐवजी एका दुकानी एक फेरी झाली, तर वाहतूकदाराचा खर्च उतरतो आणि त्याचा लाभ विक्रेत्याला मागता येतो.

चीनमध्ये परतीच्या वाहतूक खर्चाचा स्वतंत्र विमा प्रचलित आहे. प्रत्येक विक्रीमागे अगदी थोडी रक्कम भरली की माल परत आल्यास वाहतुकीचा भुर्दंड विमा कंपनी सोसते. सोलापूरच्या कापड उत्पादकांच्या व व्यापाऱ्यांच्या संघटनांना असा सामायिक निधी उभारण्याचा विचार करता येईल. वर घेतलेल्या उदाहरणात शंभरांत दहा चादरी परत येत असतील, तर येण्याच्या वाहतुकीचे ६५० रुपये होतात, म्हणजे प्रत्येक पाठविलेल्या चादरीमागे साडेसहा रुपये बाजूला काढले की ही रक्कम भागते. एखाद्या महिन्यात एकाच विणकराच्या माथी पडणारा मोठा तोटा या रीतीने सर्वांत वाटला जाऊन सुसह्य होतो. सहकाराची परंपरा असलेल्या या जिल्ह्याला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

संघटनेने आणखी एक काम हाती घ्यावे. परत आलेल्या प्रत्येक मालाचे कारण एका वहीत लिहावे: माप, रंग, दोष, उशीर, नकार. तीन महिन्यांनी ही वही उघडली, तर कोणती चूक छायाचित्रात आहे, कोणती विणाईत आहे आणि कोणती वाहतुकीत आहे, हे आपोआप दिसून येईल. पूर्वीची जांगड वही माल कोणाकडे गेला हे सांगत असे. ही नवी वही तो परत का आला हे सांगेल. ती ठेवण्यासाठी खर्च आहे तो एका वहीचा व पेन्सिलीचा, आणि तिचा आरंभ पेठेतील कोणत्याही दुकानात उद्यापासून करता येण्यासारखा आहे.